चिंचेवरचा कागद

आमच्या दारापुढं चिंच होती. 'होती' म्हणायची जिभेला अजून सवय लागलेली नाही. कुणाला घर सांगताना 'चिंचेपाशी उतरा' असं अजूनही तोंडातून जातं आणि मग ती माणसं फोनवर विचारत राहतात, चिंच कुठली. तिथं आता सिमेंटचा उतार आहे आणि वर चाकांवर सरकणारं लोखंडी फाटक.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. मास्तर वडलांना म्हणाले होते, पोराचं अक्षर चांगलं आहे, काढू नका. वडलांनी काढलं, गुरांमागं माणूस पाहिजे होतं. पण मला लिहिता-वाचता येतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण या सगळ्यात शेवटी प्रश्न त्याचाच निघाला.

वाघोली तेव्हा पुण्यात नव्हती. नगर रस्त्यावरचं गाव, आणि आमचं घर मुख्य रस्त्यावरून आत जाणाऱ्या वाटेला. चिंच कुणी लावली ते वडलांनाही माहीत नव्हतं. बैल बांधायला त्यांनी बुंध्यात लोखंडी कडी ठोकली होती. झाड जाड होत गेलं तशी कडी आत जात राहिली. माझ्या लग्नात बोटभर लोखंड बाहेर दिसत होतं, थोरली मुलगी चालायला लागली तोवर तेही झाडानं गिळलं. चिंचा उतरल्या की आमची बायको अंगणात पोतं पसरून बसायची. चिंचा फोडायच्या, चिंचोके काढायचे, मिठात घालून गोळे वळायचे, आणि वाटेवरच्या प्रत्येक घरी एक गोळा जायचा. भांडण असलेल्या घरीसुद्धा जायचा. त्यानं भांडण मिटत नसे, पण आमटी आंबट होत असे.

रस्ता पहिल्यांदा रुंद केला तेव्हा आमची पुढची जागा गेली आणि कुंपणाच्या आतली चिंच कुंपणाच्या बाहेर झाली. गटारीची चुन्यानं मारलेली रेघ थेट बुंध्यात घुसत होती. मी सकाळीच जाऊन बुंध्याला पाठ लावून बसलो. इंजिनियर तरणा होता, काका उठा म्हणून दहा वेळा सांगून बघितलं. मी म्हणालो, मी सरळ बसलोय, तुमची गटार वाकडी करा. दुपारी कुणाला तरी फोन लावले, नकाशे पसरले, आणि शेवटी गटार हातभर वळली. ती बुंध्याला वळसा घालून पुढं जाते. गावात मग माझी ओळखच झाली, गटार वळवणारा. लग्नाकार्यात पाहुण्यांना माझी अशीच ओळख करून द्यायचे, आणि मला ते आवडायचं, हे खोटं कशाला बोलू.

पुढं गाव महापालिकेत गेलं आणि झाडांचे नियम बदलले. आधी झाड काढायचं तर चार माणसांच्या आणि तलाठ्याच्या कानावर घातलं की झालं. आता आपल्या परसातलं झाड असलं तरी अर्ज, फोटो, कारण, पाहणी, परवानगी. मला त्या नियमांचा राग होता. माझ्या बांधावरचं मी लावलेलं झाड, आणि परवानगी कुणा साहेबानं द्यायची, हे मला पटत नव्हतं. पण चिंचेच्या बाबतीत मनात असं पक्कं बसलेलं की सात पिढ्या आमच्या दारात असलेलं झाड माझ्या सहीशिवाय कुणी काढू शकत नाही. जागा रस्त्यात गेली म्हणजे झाडही गेलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

सांगणारा माझा पुतण्या. चुलतभावाचा मुलगा. आमच्या मागची पट्टी त्याची, ती त्यानं इमारतीला दिली होती, आणि इमारतीच्या गाड्यांचा रस्ता आमच्या बाजूनं निघणार होता. एक दिवस तो बायकोला घेऊन आला, म्हणजे मला शिव्या देता येऊ नयेत म्हणून. चहा घेतला, तब्येत विचारली आणि म्हणाला,

"तात्या, चिंच गेटात येतीय. काढावी लागंल."

"गेट सरकव."

"प्लॅन पास झालाय आवो. आन् झाड आता तुमचं न्हाई, रोडचं हाय. मी रीतसर अर्ज करणार हाय, मागनं म्हणू नका सांगितलं न्हाई म्हणून."

मी म्हणालो, गटार बघून जा जाताना. तो हसला. सून खाली मान घालून होती. ती दोघं गेली आणि मी दिवसभर खुशीत होतो.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा कॉलेजची एक मुलगी भाड्यानं राहायची. लातूरकडची, चष्मेवाली, तरातरा चालणारी. तिला हे कळलं तशी खाली आली. म्हणाली, आजोबा, यात प्रोसिजर असते. नोटीस निघते, हरकती मागवतात. काहीही कळलं, कुठलाही कागद आला, तर मला लगेच सांगा, मी आणि कॉलेजची मुलं मेल करू, लेखी देऊ. मी तिला गटारीची गोष्ट सांगितली. तिनं ती आधी दोनदा ऐकली होती तरी पूर्ण ऐकून घेतली आणि जाताना परत म्हणाली, पण कागद आला की सांगा हं. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मला मात्र ते लागलं. अर्ध्या वयाची काय, पावपट वयाची पोर मला झाड राखायला शिकवते.

चिंचेखाली एक इस्त्रीवाली असायची. यवतमाळकडची, नवरा एका कंपनीत रखवालदार. तिची हातगाडी आणि कोळशाची इस्त्री. उन्हाळ्यात निखाऱ्यांची इस्त्री घेऊन आठ-दहा तास उभं राहायचं तर डोक्यावर झाडच पाहिजे, पत्रा चालत नाही, ताडपत्री तर नाहीच. पुतण्याचं कानावर गेल्यावर ती मला म्हणाली, "आबाजी, झाडच नाही राह्यलं त मी कुठी जाऊ?" मी म्हणालो, मी आहे. एवढंच म्हणालो. तिला ते पुरलं.

आता कागदाचं सांगतो.

मी लहान असताना भावकीचा एक दावा चालला होता. कोर्टाचा माणूस आला, वडील रानात होते, तर तो दाराला कागद डकवून गेला. वडलांनी दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत पाण्यानं भिजवून तो कागद काढला आणि चुलीत घातला. बायका पाण्याला जाताना बघतील, म्हणून. दाराला कागद म्हणजे घराची अब्रू गेली, असा तो काळ. मला म्हणाले, कागद लागला की आधी काढायचा, मग बाकीचं बघायचं. हे मी कधी विसरलो नाही. त्यांनी सांगितलेल्या कामाच्या गोष्टी किती तरी विसरलो.

एका पहाटे पाचला उठून बाहेर आलो तर चिंचेच्या बुंध्यावर कागद. कुणी तरी आदल्या संध्याकाळी, आम्ही एका बारशाला गेलो होतो तेव्हा, लावून गेलेलं. माणसाच्या छातीच्या उंचीवर, चारी कोपरे नीट बसवलेले. चष्मा आत होता. तरी डोळे बारीक करून वरच्या दोन ओळी वाचल्या. झाड काढणेबाबत, असं होतं, आणि खाली पुतण्याचं पूर्ण नाव. त्याच्या खाली आणखी पुष्कळ बारीक अक्षरं होती. मी ती वाचली नाहीत.

वाचता आली असती. चष्मा आणायला वीस पावलं होती. पण वाटेला थोड्या वेळात दूधवाला येणार, फिरायला जाणारी सोसायटीची माणसं येणार, इस्त्रीवाली येणार, आणि सगळ्यांना दिसणार की गटार वळवणाऱ्याच्या दारातल्या झाडावर त्याच्या पुतण्याच्या नावाचा कागद लागलाय. मी आतून तांब्याभर पाणी आणलं, कागद भिजवला, थोपटला, आणि तव्यावरची भाकरी सोडवावी तसा कडेकडेनं सोडवला. खळ चांगली होती, वेळ लागला. फाडला नाही. घडी करून लोखंडी पेटीत सातबाऱ्याखाली ठेवला. कुणालाच सांगितलं नाही. वरच्या मुलीला तर नाहीच.

त्या दिवसापासून मी झाडाखाली खुर्ची टाकून बसायला लागलो. सकाळी चहा झाला की काठी घेऊन बसायचं ते अंधार पडेपर्यंत. करवतवाले आले तर बुंध्याला पाठ लावायची, एवढा बेत. आठवडा गेला, कुणी आलं नाही. पुतण्या एकदा गाडीवरून गेला, माझ्याकडं बघून हात केला आणि निघून गेला. मला वाटलं, घाबरला. इस्त्रीवालीनं विचारलं, आबाजी, आजकाल इथंच? मी म्हणालो, वारा चांगला असतो. मुलगी कॉलेजला जाताना विचारायची, काही कळलं का, आजोबा. मी म्हणायचो, काय कळायचंय, झाड आहे जागेवर. दोन आठवडे झाले तेव्हा मी मनाशी धरलं की मिटलं. खुर्ची उचलून आत नेली.

आणखी चार-सहा दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला टेम्पो आला. चार माणसं, दोन मशीनच्या करवती, दोरखंड. बरोबर बागखात्याचा एक माणूस, तिशीचा असेल, हातात फाईल. माझ्याशी बरा बोलला. आजोबा, परवानगी झालीय, बाजूला बसा, फांदी अंगावर येईल. मी बुंध्याला पाठ लावली. तो म्हणाला, सात दिवसांची मुदत होती हरकतीला, एकही हरकत आली नाही. त्याचं हे वाक्य मला कळलं नाही, म्हणजे शब्द कळले. कसली मुदत, ते कळलं नाही. मुदत मी पेटीत ठेवलेली होती.

तेवढ्यात वरची मुलगी जिना उतरून आली. इस्त्रीवाली इस्त्री खाली ठेवून आली. चार-पाच पोरं-पोरी फोन केल्यावर धावत आली. मुलगी फाईलवाल्याला म्हणाली, नोटीस झाडावर लावायला लागते, ती तुम्ही लावलीच नाही. मी रोज इथून चार वेळा जाते. त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. चिंचेचा बुंधा, त्यावर कागद, खाली तारीख. ती म्हणाली, फोटोपुरती लावली आणि काढून टाकली, असं सर्रास करतात. तो लालेलाल झाला. म्हणाला, मी काढली नाही. माझी नोकरी आहे, ताई. पेपरातही आली होती नोटीस. पेपर कोण वाचतं त्या पानावरचा, ती म्हणाली. वाद वाढला. तिनं त्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, नोटीस लागली नव्हती असं लेखी द्या, साक्षीदार द्या, आजच्या दिवस काम थांबवतो.

साक्षीदार म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलगी म्हणाली,

"आजोबा, तुम्ही तर रात्रंदिवस इथंच असता. होती का नोटीस?"

बागखात्याचा माणूसही बघत होता. त्याला खात्री होती की मी 'होती' म्हणणार, कारण ती होती. इस्त्रीवाली बघत होती. मी आयुष्यात हट्ट पुष्कळ केले, खोटं फारसं बोललो नव्हतो. लागलं नाही कधी.

"नव्हती," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो नाही. "मी पाचला उठतो. असती तर मला दिसली असती."

फाईलवाला हळू म्हणाला, "आजोबा, खळ मी घरून शिजवून आणतो. आपोआप पडत नाही तो कागद." करवती परत टेम्पोत गेल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणी माझा फोटो काढला.

संध्याकाळी इस्त्रीवालीनं माझ्यासाठी गाडीवरून चहा मागवला. तुम्ही होते म्हणून, आबाजी, म्हणाली. तो चहा मी प्यायलो. जेवताना बायकोनं ताट पुढं ठेवलं आणि उभीच राहिली. म्हणाली, त्या दिवशी तांब्या झाडाच्या बुडाशी होता, मी आणला उचलून. ती म्हणाली, मला वाटलं झाडाला पाणी घातलं असंल, पन उन्हाळ्यात कधी घातलं न्हाई ते आत्ता कशाला. एवढं बोलून आत गेली. पन्नास वर्षांत तिनं मला खोटारडा म्हटलेलं नाही, तेव्हाही म्हणाली नाही.

मुलगी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिला लेखी तक्रारीला पुरावा पाहिजे होता. वाटेच्या पलीकडं औषधाचं दुकान आहे, त्याच्या दारावर कॅमेरा. त्यात महिनाभराचं राहतं म्हणे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराकडं गेली, की बागखात्याचा माणूस कागद काढताना दिसेल. मला हे कुणी सांगितलं नाही. मी अंगणात बसलो होतो. ती आली तेव्हा तिच्याबरोबर बाकीची पोरं नव्हती, हे मला आधी दिसलं. ती माझ्यासमोर पायरीवर बसली आणि फोन माझ्यापुढं धरला.

मी स्वतःला पाठीमागून कधी बघितलं नव्हतं. वरून, लांबून, अर्धवट उजेडात एक टकल्या म्हातारा तांब्या घेऊन येतो. पाठीत वाकलेला. मी वाकलोय हे मला माहीत नव्हतं. तो इकडं-तिकडं बघतो, कागदावर पाणी मारतो, थोपटतो, जपून सोडवतो. घडी घालतो. एकदा थांबून झाडाच्या बुंध्यावर उरलेली खळ हातानं पुसतो. ते मला आठवतही नव्हतं.

तिनं फोन बंद केला. आवाज चढवला नाही.

"आजोबा, मला दाखवायचा ना कागद. मी वाचून दाखवला असता."

"मला वाचता येतं," मी म्हणालो.

"मग?"

ती उठून वर गेली. लेखी तक्रार तिनं दिली नाही. देणार कशी. बागखात्याच्या माणसाला तिनं स्वतः फोन करून सांगितलं की चूक त्यांची नव्हती. एवढं तिनं केलं, ते करायला पाहिजे होतं मी.

तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. मी बुंध्याला पाठ लावायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार. इस्त्रीवालीनं गाडी आधीच बाजूला ओढली होती. तिला कागदाचं कुणी सांगितलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही यावरून काय ते समजलो. वरून सुरुवात केली. फांदीला दोर, करवत, फांदी खाली. पोपटांचा थवा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसला आणि ओरडत राहिला, मग तोही गेला. बुंधा कापताना एकाएकी ठिणग्या उडाल्या आणि करवतीची साखळी तुटली. आत वडलांची कडी होती. नवी साखळी आणून बसवेपर्यंत तासभर काम थांबलं. त्या सगळ्या प्रकारात झाडाच्या बाजूनं झालं ते एवढंच.

तो तास बागखात्याचा माणूस आमच्या ओट्यावर बसला. त्यानं मला बोलावं अशी मी वाट बघत होतो. माझ्या एका शब्दापायी त्याची नोकरी गेली असती. तो बोलला ते वेगळंच. म्हणाला, आजोबा, एक जरी हरकत आली असती, कुणाचीही, तर साहेबांना परत येऊन जागेवर बघावं लागलं असतं. गेट दोन हात सरकत होतं, मी पाहणीलाच म्हटलं होतं. नुसती फांदीछाटणी देऊन भागलं असतं. मी विचारलं, कुणाचीही म्हणजे? तो म्हणाला, झाड कुणाचंही असू द्या, रस्त्यानं जाणाऱ्यानं जरी लिहून दिलं तरी घ्यावं लागतं. मालकच पाहिजे असं काही नाही.

मी मालक आहे की नाही यावर सगळं आयुष्य भांडत आलो होतो.

त्या दुपारी पेटीतून कागद काढला, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. अडकलो कुठंच नाही. वृक्षाचे नाव चिंच, संख्या एक, प्रकार पूर्ण काढणे. ज्या नागरिकांस हरकत असेल त्यांनी सात दिवसांत लेखी कळवावे. तो कागद झाड तोडायचा हुकूम नव्हताच. तो वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लावलेला होता. वाटेनं जाणाऱ्या कुणाला तो दिसू नये याची काळजी मी घेतली. चुलीत घातलेल्या वडलांच्या त्या कागदाचंही मग ध्यानात आलं. तो दावा वडील कोर्टात न जाताच निकाली निघाला होता आणि मागची पट्टी चुलत्याकडं गेली होती. त्याच पट्टीवर आज पुतण्याची इमारत आहे. साठ वर्षं मी हेच धरून बसलो होतो की आमच्यावर अन्याय झाला.

इस्त्रीवाली आठवड्यात गेली. येरवड्याकडं कुठल्याशा उंच भिंतीच्या कडेला गाडी लावते, असं तिचा नवरा भेटला तेव्हा म्हणाला. भिंतीची सावली बाराला संपते. पुढं काय करते, मी विचारलं. उन्हात करते, तो म्हणाला. वरची मुलगी परीक्षा झाल्यावर खोली सोडून गेली. जाताना पाया पडली, आमच्या बायकोच्याही पडली. पण त्या दिवसानंतर तिनं मला कधी काही सांगितलं नाही आणि विचारलंही नाही.

एका झाडाच्या बदल्यात नवी झाडं लावायचा नियम आहे. ती लावलीही. टेकडीवर लावलीत म्हणून मी बसनं जाऊन बघून आलो. गुडघ्याएवढी रोपं ओळीनं उभी होती, बांबूला बांधलेली. त्यातली आमच्या चिंचेच्या बदल्यातली कुठली, हे तिथल्या माळ्यालाही सांगता येईना. सगळी एकसारखीच दिसत होती. थोडा वेळ थांबून परत आलो.

मागच्या महिन्यात चष्म्याचा नंबर बदलायला शनिवार पेठेत गेलो होतो. एका दुकानापुढच्या झाडावर तसाच कागद दिसला. आता मला कागद दिसला की पाय पुढं जात नाही. उभा राहून खालपर्यंत वाचला. मुदतीचे चार दिवस शिल्लक होते. दुकानदाराकडं कोरा कागद आणि पेन मागितलं. तो म्हणाला, कशाला? मी म्हणालो, हरकत लिहायचीय. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अर्ज त्याचाच होता. मुळं दुकानाच्या पायरीखाली शिरलीत आणि झाड पावसाळ्यात दुकानावर येणार, हे त्यानं मला चांगल्या शब्दांत समजावून दिलं. मी वर बघितलं तर झाड खरंच एका अंगाला कललेलं होतं. मग त्यानं विचारलं,

"आपण राहता कुठं?"

"वाघोलीला."

"मग तिकडची झाडं संपली का?"

पेन त्याच्या गल्ल्यावर ठेवलं आणि स्टॉपवर आलो.

घरी मागच्या साली भरलेल्या बरणीत चिंचेचे तीन गोळे होते. आता एक राहिलाय. वाटेवर कुणाकडं गेला नाही, यंदा कुणी अपेक्षाही केली नाही. बायको सुपारीएवढा तुकडा तोडते आणि बरणी वरच्या फळीवर ठेवते, माझा हात पोचणार नाही अशी.

बाहेर गटार अजून तशीच आहे. सरळ येते, आमच्या दारापुढं हातभर वळसा घालते, आणि परत सरळ जाते. मध्ये आता नुसतं सिमेंट. वळणावर पाणी तुंबतं, वास येतो, इमारतीतली नवी माणसं नाकाला रुमाल लावून जातात. परवा एकानं मला विचारलं, काका, ही गटार इथंच वाकडी का बांधली असेल? माहीत नाही, म्हणालो. इमारतीवाल्यांनी ती सरळ करून मिळावी म्हणून अर्ज दिलाय. मी कार्यालयात जाऊन चौकशी केली, त्याची नोटीस कुठं लावणार, हरकतीची मुदत किती. तिथल्या बाईंनी दोन वेळा विचारून घेतलं, मी गटारीबद्दलच बोलतोय ना. मग म्हणाल्या, गटारीला नोटीस नसते.